मुख्यमंत्री न झालेल्यांची यादी करूया का?

पार्कचौकवाला

नमस्कार मंडळी. १ मेला शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, तुमच्याकडे पण फिरून गेला असेल. आतापर्यंतच्या सगळ्या मुख्यमंत्र्यांचे गोल गोल फोटो आणि प्रत्येकाखाली एकेक ओळ, म्हणजे यांनी महाराष्ट्राला काय दिलं. यशवंतरावांखाली पंचायत राज, वसंतराव नाईकांखाली हरितक्रांती आणि रोजगार हमी, पवारांखाली महिला धोरण, असं खाली खाली चाललेलं. मी जेवताना मोठ्यानं वाचत होतो. बाबा (वय ८१, दुधात भाकरी कुस्करत बसलेले) मान वर न करता म्हणले, "पागे कुठं हायत रे ह्यात?"

म्हणलं पागे मुख्यमंत्री नव्हते बाबा. तर म्हणले, "मग यादी चुकीची हाय."

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. बाबांनी ७२ चा दुष्काळ मंगळवेढ्याकडं काढला. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मिलो नावाची ती लाल ज्वारी खाल्ली (तिची भाकरी थापताच यायची नाही म्हणतात, आजी शिव्या देत थापायची), आणि पाऊस पडल्यावर सोलापुरात येऊन गिरणीत लागले. माणूस सातवी शिकलेला, पण वि. स. पागे हे नाव त्यांच्या तोंडात घरच्या माणसासारखं येतं. आणि आमच्या ग्रुपवर चाळीस ग्रॅज्युएट, त्यातल्या एकालाही हे नाव माहीत नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पागे मूळचे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. खेड्यातल्या माणसाला "काम द्या" म्हणायचा हक्क असावा आणि सरकारनं तो नाकारू नये, ही कल्पना त्यांची. आधी विसापूर भागात करून बघितली, मग राज्याची रोजगार हमी योजना झाली, मग १९७७ चा कायदा. दिल्लीचा मनरेगा कायदा आला २००५ ला. म्हणजे आपल्याकडं जे होतं ते देशाला मिळायला अठ्ठावीस वर्षं गेली.

आणि गंमत बघा, तुमच्या माझ्या पगारातून महिन्याला २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) पीटी म्हणून जे कापतात ना, तो व्यवसाय कर १९७५ ला लावला तो या रोजगार हमीला पैसा उभा करायलाच. शहरातल्या नोकरदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामाचे पैसे द्यायचे, असा सरळ हिशोब. मी पंचवीस वर्षं पीटी भरतोय आणि तो कशाला कापतात हे मला मागच्या आठवड्यात कळलं, लाज वाटली खरं सांगायचं तर.

तर धागा यासाठी. मुख्यमंत्र्यांची यादी सगळ्यांकडं आहे. आपण दुसरी करू, त्या खुर्चीत न बसता ज्यांनी इथलं जगणं बदललं त्यांची. एकच अट, ऐकीव मोठेपणा नको. तुमच्या घरात, गल्लीत, गावात काय बदललं ते सांगा. मी सोलापूरचा म्हणून सोलापूरचं सांगणार, बाकीच्यांनी आपापलं आणा.

कडकभाकरी

पहिलं नाव माझ्याकडून घ्या, आमच्या गल्लीतला चावीवाला. पाणी चार दिवसाआड, आणि कधी सोडायचं ते त्याच्या हातात. मुख्यमंत्री कोण का असेना, आमचं सरकार तोच.

(हलकं घ्या ओ. पागेंचं मलाही माहीत नव्हतं. पीटीचं वाचून सॅलरी स्लिप उघडून बघितली.)

निवृत्त_अव्वलकारकून

धागा चांगला आहे पण एक दुरुस्ती, महसूल खात्यात जन्म गेला म्हणून राहवत नाही. तुमच्या वडिलांनी ७२-७३ ला केली ती दुष्काळी कामं. रोजगार हमी वेगळी. लोक दोन्हीची खिचडी करतात. दुष्काळी काम म्हणजे टंचाई जाहीर झाली की सरकार काढणार, पाऊस पडला की बंद करणार. मेहेरबानी म्हणा हवं तर. रोजगार हमी म्हणजे टंचाई असो नसो, माणसानं अर्ज केला की पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता. कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. हा फरक कागदावर एका ओळीचा वाटतो पण तहसीलला बसणाऱ्याला विचारा. आधी माणसं हात जोडून यायची, नंतर नमुना भरून पावती मागायला लागली. पावती मागणारा माणूस आला की आमच्या खात्याचं तोंड कसं व्हायचं ते मी सांगत नाही.

आता दुसरी बाजू पण. भ्रष्टाचार रगड झाला. खोटी मस्टर (हजेरीपट), मेलेल्या माणसांचे अंगठे, एकच नाला बंडिंग तीनदा. पागेंना हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्यातूनही विहिरी झाल्या, पाझर तलाव झाले, आणि १९९० नंतर फळबागा रोजगार हमीला जोडल्या तेव्हा सांगोल्याकडं डाळिंबानं काय केलं ते तुम्हीच बघितलंय.

पार्कचौकवाला

दुरुस्ती मान्य काका. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणले "साहेब बरोबर बोलतेत, आमचं दुष्काळीच होतं, पण पागेंचं नाव तेव्हापासून कामावर ऐकलं." मेहेरबानी आणि पावती हे जबरदस्त.

सांगोलकर

डाळिंबाचं नाव निघालं म्हणून आलो. सांगोला म्हणलं की हल्ली लोक झाडी आणि डोंगार आठवून हसतात, त्याच्या आधीचा सांगोला सांगतो.

भाई गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्ष. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार, पहिल्यांदा १९६२, मधे ७२ ला आणि ९५ ला पडले (९५ ला दोनशेच्या आत मतांनी). बहुतेक आयुष्य विरोधी बाकावर, मंत्रिपद दोनदा आणि तेही थोडा थोडा काळ. मुख्यमंत्रीपदाच्या चर्चेत सुद्धा नाव नाही. आणि माणूस एसटीनं यायचा, हे फोटो काढण्यापुरतं नाही, माझे चुलते कंडक्टर होते, ते तिकीट विचारायच्या आधी आबासाहेब (आम्ही भाईंनाच म्हणायचो) पास पुढं करायचे.

आता तुमच्या अटीप्रमाणं घरातलं. आमची साडेचार एकर कोरडवाहू, खुरटी बाजरी यायची, वडील ऊसतोडीला जायचे. भाईंच्या पुढाकारानं सूतगिरणी झाली तेव्हा आई तिथं कामाला लागली. पगार होता, कामाची ठरलेली शिफ्ट होती, डबा घेऊन जायची. ऊसतोडीला जायचं बंद झालं म्हणून मी शाळेत टिकलो, नाहीतर माझ्याबरोबरची निम्मी पोरं दिवाळीनंतर वर्गातून गायब व्हायची आणि उन्हाळ्यात परत यायची, मास्तर पण काही विचारायचे नाहीत. पाण्यासाठी भाईंनी किती वर्षं परिषदा घेतल्या ते मोजता येणार नाही. पाणी आलं ते उशिरा आलं आणि अजून पुरतं आलेलं नाही, हे पण लिहितो, कारण भक्तीचा धागा नाही हा.

३० जुलै २०२१ ला गेले. वय ९४. सोलापुरातच दवाखान्यात होते.

पुणेकर_झालेला

मी जन्मानं सोलापूरचा, आता पंधरा वर्षं पुण्यात. धाग्याचा रोख आवडला पण थोडा विरोध करतो.

खुर्चीशिवाय बदल होतो हे रोमँटिक आहे. पागे काय रस्त्यावरचे कार्यकर्ते होते का? सभापती होते, त्यांचं म्हणणं मुख्यमंत्री ऐकून घेत होते. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ एवढा सलग काळ त्या पदावर होते आणि त्यांनी या कल्पनेच्या मागं सरकार उभं केलं म्हणून ती योजना झाली. नाईकांनी "नंतर बघू" म्हणलं असतं तर विसापूरचा प्रयोग विसापुरातच राहिला असता आणि आज तुम्ही पण पागेंचं नाव ऐकलं नसतं.

यशवंतरावांचं बघा. ईबीसी सवलत नसती तर माझे वडील अकरावीनंतर किराणा दुकानात पुड्या बांधत बसले असते. बाराशेच्या आत बापाचं उत्पन्न असेल तर फी माफ, जात कुठलीही असो. एका सहीनं झालं ते. त्या सहीला कमी लेखू नका. जिल्हा परिषदा १९६२ ला आल्या, त्यातून खेड्यातली पोरं वर आली. आपला उजनी घ्या, पायाभरणी १९६६ ला यशवंतरावांच्याच हातून. ११७ टीएमसीचं धरण मोर्चा काढून बांधता येत नाही.

कडकभाकरी

११७ टीएमसी आणि आम्हाला चार दिवसाआड. असो. 🙏

बुधवारपेठ

पुणेकर भाऊंचा मुद्दा अर्धा पटला. अर्धा का पटला नाही ते सांगतो, जरा लांबेल.

आमचं मूळ गाव मोहोळ तालुक्यात. पणजोबांकडं महारकी वतन. वतन म्हणलं की लोकांना वाटतं जमीन म्हणजे चैन असणार. तर ती चैन अशी, की सरकारी टपाल घेऊन तालुक्याला पळायचं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेलं जनावर ओढायचं, रात्री वेस राखायची, आणि या सगळ्याला पगार नाही, जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. नाही म्हणायची सोय नाही कारण वतनदार ना तुम्ही.

बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल आणलं १९२८ ला. कायदा होऊन वतनं खालसा झाली १९५८ च्या कायद्यानं, तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव. आता फॉरवर्डमधे ते यशवंतरावांच्या फोटोखाली जाईल, आणि त्यांनी केलं हे खरंच आहे, श्रेय द्यायलाच पाहिजे. नवबौद्धांच्या सवलती पण त्यांच्याच काळात झाल्या. पण मधली तीस वर्षं कोणाच्या फोटोखाली घालायची? त्या तीस वर्षांत माझे पणजोबा वेस राखत मेले. सही एका दिवसात होते भाऊ, पण तिथपर्यंत यायला पिढी जाते. आणि ती पिढी कुठल्या फोटोत नसते.

सोलापूरचं म्हणाल तर आपल्याकडं एक गोष्ट आहे जी आपणच विसरलो. मे १९२४ ला बार्शीत बहिष्कृत परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब. त्याच वर्षी जुलैत मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. आणि त्या सभेनं जानेवारी १९२५ ला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी पहिलं बोर्डिंग काढलं ते मुंबईत नाही, पुण्यात नाही, सोलापुरात. शंभर वर्षं झाली. आणि ते बोर्डिंग चालवलं जीवाप्पा ऐदाळे यांनी. माझं नाव यादीसाठी हेच. पुढं १९३७ ला मुंबई विधानसभेवर निवडून गेले, पण मंत्री नाहीत, आधी पोरांच्या जेवणाची आणि दिवाबत्तीची व्यवस्था बघणारा माणूस. माझे आजोबा त्या बोर्डिंगात नव्हते, पण आमच्या भावकीतले एक जण होते, आणि ते शिकले म्हणून आजोबांना कळलं की शिकता येतं. बस एवढंच लागतं, एक माणूस समोर दिसावा लागतो.

कडकभाकरी

हे माहीतच नव्हतं बे. रोज त्या बाजूनं जालालो मी.

पुणेकर_झालेला

@बुधवारपेठ मधली तीस वर्षं कोणाच्या फोटोखाली, याला उत्तर नाही माझ्याकडं. पण मग तुम्हालाच विचारतो, सुशीलकुमार शिंदे. आपल्याच गावचे. ते तर खुर्चीत बसले. त्यानं काय झालं?

बुधवारपेठ

वाटलंच होतं हे येणार.

सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला, रात्रशाळा, मग मुंबईत फौजदार, मग राजीनामा देऊन राजकारण, १९७४ ला करमाळ्यातून आमदार. अर्थमंत्री म्हणून नऊ बजेटं मांडली. १९९८ आणि ९९ ला सोलापूरची लोकसभा जिंकली तेव्हा ती जागा राखीव नव्हती, खुली होती, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. राखीव झाली २००९ पासून. जानेवारी २००३ ला मुख्यमंत्री. राज्य होऊन ४३ वर्षांनी पहिला दलित मुख्यमंत्री, आणि त्यानंतर आजपर्यंत दुसरा नाही. पावणेदोन वर्षं मिळाली. २००४ ची निवडणूक त्यांच्या नेतृत्वात लढवली, आघाडीनं जिंकली, आणि निकालानंतर मुख्यमंत्री झाले विलासराव, शिंदे साहेब राज्यपाल म्हणून हैदराबादला.

काय झालं म्हणता? सोलापूरला विद्यापीठ आलं २००४ ला, माझ्या बहिणीला एम.ए. साठी कोल्हापूरच्या चकरा मारायला लागल्या नाहीत, हे झालं. आमच्या पेठेत त्या रात्री फटाके वाजले, माझे वडील रडले, हे पण झालं. आणि त्यांच्यावर आमच्यातल्याच लोकांची नाराजी पण भरपूर, की पक्षाच्या रेषेबाहेर कधी बोलले नाहीत. दोन्ही खरं. मी त्यांना तुमच्या यादीत घालत नाही आणि फॉरवर्डमधल्या एका ओळीत पण त्यांना बसवू देत नाही.

पार्कचौकवाला

या प्रतिसादाला काही जोडायची माझी हिंमत नाही. आणि हो, पुणेकरांनी माझी अट मोडीत काढली हे मान्य करतो. पागेंना खुर्ची होती, फक्त ती वाली नव्हती. मुख्यमंत्र्याच्या कानाशी लागलेली होती. तरी यादी बंद करत नाही.

मायाक्का

नमस्कार. मी नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. मराठी शाळेत शिकले पण घरात तेलुगू, त्यामुळं चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची अम्मा विडी वळायची. सोलापुरात ज्यांच्या घरी विडी आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगते. कारखान्यातून पान आणि तंबाखू मोजून आणायचं, रात्री पान भिजवून ठेवायचं, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, मग सूप मांडीवर घेऊन वळत बसायचं. मजुरी हजार विडीला. हजार वळायला अम्माला पहाटे पाच ते दुपारी तीन लागायचे, मी आणि अक्का शाळेतून येऊन विडीची तोंडं मुडपायचो म्हणून तेवढ्यात व्हायचं. आणि मग कारखान्यात माल द्यायला गेलं की छाट. म्हणजे तो बघणारा मूठ मूठ विड्या बाजूला काढणार, ही वाकडी, ही सैल, आणि छाटीचे पैसे नाहीत. पण छाटलेली विडी परत पण देत नाहीत. लहानपणी मला हे कळायचंच नाही की वाईट आहे तर ठेवून का घेतात.

माझ्या यादीत आडम मास्तर (नरसय्या आडम, माकपचे). ते तीनदा आमदार झाले म्हणून नाही. छाटीविरुद्ध, पीएफसाठी, मजुरीसाठी बायांचे जे मोर्चे निघायचे त्यात अम्मा जायची. अम्मा, जी बाजारात पण एकटी जायची नाही. नानाला (वडील, यंत्रमागावर होते) ते आवडायचं नाही, भांडणं व्हायची. एकदा तीन दिवस जेलात पण राहून आली. आल्यावर शेजारच्या बायका तिला बघायला आल्या जणू काशीला जाऊन आली.

मग कुंभारीला घरकुल. गोदुताई परुळेकरांचं नाव दिलेली वसाहत, दहा हजार घरं, फक्त विडी कामगार बायांची. २००६ ला पंतप्रधान मनमोहनसिंग आले होते चाव्या द्यायला. थोडे पैसे केंद्राचे, थोडे राज्याचे, बाकी आमचे हप्ते. अम्मानं ते हप्ते कसे भरले ते तिलाच माहीत. पुढं तिकडंच रे नगर झालं, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदी येऊन देऊन गेले. म्हणजे बघा, एक काँग्रेसचा पंतप्रधान, एक भाजपचा, आणि मधे उभा लाल बावट्यावाला, जो शेवटच्या निवडणुका पडत आला. लोक मत देत नाहीत पण घराचा फॉर्म भरायला त्याच्याकडंच जातात.

घराच्या कागदावर अम्माचं नाव आहे. नानाचं नाही. नाना गेले तोवर कधी रागावले तर म्हणायचे "हे तुझं घर आहे, मी जातो." आणि कुठं जायचे नाहीत.

रेणुका_जुळे

मायाक्का, शेवटची ओळ वाचून हसले पण आणि गळ्यात पण आलं. छाटीचं तुमचं कोडं अजून सुटलेलं नाही हो.

कागदावरच्या नावावरून एक. महिला धोरण १९९४, त्याच जूनमधे महाराष्ट्रानं कायदा केला की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मतः हिस्सा. देशात तो २००५ ला आला. मुख्यमंत्री शरद पवार. हे फॉरवर्डमधे असतं आणि बरोबरच आहे. पण त्या कायद्यात आधी लग्न झालेल्या मुली नव्हत्या, हे फॉरवर्डमधे नसतं. माझ्या दोन आत्या ८० च्या दशकात लग्न झालेल्या, त्या बाहेर. माझं लग्न २००१ चं, मी आत. आत म्हणजे काय, तर लग्नानंतर दोन वर्षांनी भावानं रजिस्टर ऑफिसला नेलं, हक्कसोडपत्र तयार होतं, सही केली, येताना नवी पेठेतून साडी घेतली आणि पार्कात भेळ खाल्ली. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी विचारलं पण नाही. माहेर तुटायला नको, एवढं एकच वाक्य आई दोन दिवस आधी बोलली होती.

म्हणून मला पुणेकरांचा सहीचा मुद्दा पण पटतो आणि नाही पण. सरकारनं एक सही करून दिलं, मी एक सही करून सोडलं.

माझ्या मुलीला मात्र सांगून ठेवलंय की सही करायच्या आधी वाचायचं.

निवृत्त_अव्वलकारकून

रेणुकाताई, हक्कसोडपत्राचा फेरफार नोंदवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. नव्वद टक्के बाया सही करताना हसत असायच्या. आकडा अंदाजाचा आहे, धरून बसू नका.

पंढरीचा

जिल्ह्याचा धागा आणि पंढरपूर अजून आलं नाही?

साने गुरुजी. १ ते १० मे १९४७, पंढरपूर, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण, विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं करा म्हणून. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर फिरले, गावोगावी देवळं आणि विहिरी खुल्या करत. खासदार नाहीत, आमदार नाहीत. दहा दिवसांनी बडवे (देवळाचे पिढीजात पुजारी) तयार झाले. गावात अजून गोष्ट सांगतात की काहींनी देवाचं तेज घागरीत काढून घेतलं, म्हणजे आत उरला तो नुसता दगड, जाऊ देत कोणाला जायचं त्याला. खरं खोटं विठ्ठल जाणे. पण माझी आजी (आम्ही त्या गल्लीतलेच) म्हणायची की घागर घेऊन गेले ते गेले, गर्दी मात्र दगडाकडंच राहिली.

आणि बडव्यांचे उत्पातांचे पिढीजात हक्क कायमचे संपले कधी? कायदा १९७३ चा, कोर्टात चालत चालत सुप्रीम कोर्टाचा निकाल जानेवारी २०१४. बुधवारपेठ भाऊंचा तीस वर्षांचा हिशोब इथं चाळीस वर्षांचा आहे.

बुधवारपेठ

दर्शनाला आमचे आजोबा गेले नाहीत कधी. म्हणायचे दार उघडलं हे चांगलं झालं, आता जायचं का नाही ते आम्ही ठरवू.

सेटलमेंटचा_पोरगा

माझं छोटं आहे. सेटलमेंट हे सोलापुरात नुसतं एरियाचं नाव झालंय, रिक्षावाल्याला सांगितलं की सोडतो. मूळ काय ते सांगतो. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी आख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, आणि त्यांना ठेवायला तारेचं कुंपण घालून वसाहती केल्या, त्यातली एक मोठी आपल्या गावात. आत जन्मलेलं पोर पण गुन्हेगार. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायला पास, गिरणीत कामाला जायचं ते पण पास घेऊन. कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे देश स्वतंत्र होऊन पाच वर्षांनी. आमच्यात त्यादिवशी विमुक्त दिन करतात. नेहरूंनी येऊन तारा तोडल्या असं आमची म्हातारी माणसं सांगतात, सांगताना हातानं कात्रीची खूण करतात.

माझ्याकडं यादीसाठी नाव नाही. आमच्यात मोठा नेता झाला नाही. व्हीजे (विमुक्त जाती) म्हणून तीन टक्के आरक्षण आहे त्यातून मी शिक्षक झालो. अजून गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठं येते ते लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

पार्कचौकवाला

सर, तुम्ही लिहिलंत हेच पुष्कळ. नाव नसेल तर जागा रिकामी ठेवतो, यादीत रिकामी ओळ असायला काय हरकत आहे.

आज दुपारी बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. मायाक्कांच्या छाटीवर ते म्हणले गिरणीत पण असंच होतं, तागा खराब निघाला तर पैसे कापायचे. सुशीलकुमारांवर काही बोलले नाहीत, नुसतं "फौजदार होता" म्हणले. मग बराच वेळ गप्प आणि नंतर एक सांगितलं ते लिहून ठेवतो.

म्हणले माझं अजून एक नाव घाल यादीत. म्हणलं कोणाचं? तर दुष्काळी कामावर मस्टर लिहायला एक पोरगा होता, बार्शीकडचा, मॅट्रिक झालेला. नाव आठवत नाही. आमच्या गावात कामाला घर मोजायचे, म्हणजे मस्टरवर पुरुषाचं नाव आणि पुढं "अधिक दोन" असं, पैसे सगळे त्याच्या हातात. त्या पोरानं पहिल्या आठवड्यात बायांची नावं वेगळी लिहिली. माणसं भांडायला गेली तर म्हणाला, वरून असंच आलंय. वरून तसं आलं होतं का त्यानंच ठरवलं होतं ते बाबांना माहीत नाही. पण शनिवारी पगार वाटताना त्यानं आजीचं नाव पुकारलं, नवऱ्याचं नाव न लावता नुसतं तिचं, आणि आजीला कळेचना की तिलाच बोलावतायत. आजोबांनी ढकललं तिला पुढं.

निवृत्त_अव्वलकारकून

वरून तसंच यायचं. स्त्री-पुरुष वेगळी नोंद हवी असा नियम. पण नियम सगळीकडं पाळत होते असं नाही, त्यामुळं त्या पोराचं नाव यादीत घालायला माझी हरकत नाही.

मायाक्का

दादा, आजीनं त्या पैशाचं काय घेतलं?

पार्कचौकवाला

विचारलं बाबांना. पितळी तांब्या. आहे अजून घरात. मला वाटलं देवघरातला असेल, तर नाही, मोरीत आहे तो, रोज त्यानंच अंघोळ करतो मी.